जतन

"गुजरात कुठं गेलं?" पृथ्वीचा गोल उलटासुलटा करत शिक्षणखात्याच्या हिंमतरावसाहेबांनी विचारलं.

"झिजलं, साहेब," वसुंधरा म्हणाली.

शहरात, सयाजीगंजातल्या एका हॉलमध्ये भला मोठा फलक लावला होता, 'चला, एकविसाव्या शतकाकडे!' आणि त्याखाली डोंगरातल्या शाळांचे मास्तर नि बाया रांगेत ताटकळत उभ्या. प्रत्येकाच्या हातात सरकारनं पूर्वी शाळेला दिलेलं सामान. जुनं सामान धड असेल त्याच शाळेला नवं मिळणार म्हणे! हा नियम काढणाऱ्यानं जन्मात कधी एखाद्या पोराच्या हातात खडू तरी दिला होता का, देव जाणे.

"झिजलं म्हणजे? बेन, सरकारी वस्तू आहे ही. नुसता पत्रा दिसतोय इथं! पोरांनी चाटलं की काय?"

रांगेतले दोघं-तिघं उगाचच हसले.

"बोटं लावून लावून गेलं. रोज कुणीतरी विचारतं, आपला डुंगर कुठाय? मी दाखवते. मग सगळ्यांनाच हात लावून बघायचं असतं."

"मग लांबून दाखवायचं ना! हात कशाला लावू द्यायचा?"

वसुंधराची शाळा बस थांबते तिथून पुढं, टेकड्या चढून. डभोईपासून बसमध्ये तो गोल मांडीवर धरून ती आली होती. पोरं आत्ता कुठं अडखळत वाचायला लागली होती, आणि नव्या सामानात गोष्टींची पुस्तकं होती. पेट्याच्या पेट्या समोर टेबलाखाली दिसत होत्या. वाचायला येतंय आणि वाचायला काही नाही, याच्यासारखा छळ नाही.

साहेबांनी शेजारच्या टेबलाकडे हात केला. तिथं अगदी तसाच दुसरा गोल. प्लास्टिकची पिशवी अजून अंगावर, वर झेंडूचा हार, आणि पुढ्यात पाटी, 'उत्कृष्ट जतन पुरस्कार'.

"याला म्हणतात काळजी! पिलाजीरावांच्या शाळेनं पिशवीसुद्धा काढली नाही. कपाटातून थेट इथं. वाह, शुं वात छे!"

पिलाजीराव मास्तर बाजूलाच मान खाली घालून उभे होते. काही मोडलं तर जाब कोण देणार, म्हणून त्यांनी कपाटाचं कुलूपच काढलं नव्हतं. त्या बिचाऱ्यांची तरी काय चूक?

साहेबांनी वसुंधराच्या शाळेच्या नावावर काट मारली. "पुढच्या खेपेला बघू, बेन. चालो, नेक्स्ट!"

ती जागची हलली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"साहेब, एवढं सांगा आणि मग जाते. आमचा डुंगर कुठाय? त्या चांगल्या गोलावर दाखवा."

"हात्तिच्या, त्यात काय!"

साहेब उठले. हार बाजूला सारला, पिशवीसकट गोल फिरवून बघितला. पिशवी चुरगळलेली, आतलं काही नीट दिसेना. चष्मा वर केला, खाली केला. शेवटी पिशवीची गाठ सोडली, वाकले आणि बोट पुढं केलं.

"अंहं!" वसुंधरा एवढ्यानं ओरडली की सगळा हॉल वळून बघायला लागला. "हात नाही लावायचा, साहेब. लांबून दाखवा."