परतीचा माल

गुलाबरावांनी टोपली फिरवली. प्रत्येकाने आपला मोबाईल बंद करून तीत टाकला. समताने सर्वांत शेवटी टाकला, आणि टाकण्याआधी पुन्हा एकदा पाहून घेतलं. सासूबाईंचा फोन आलेला नव्हता. म्हणजे दोन वर्षांच्या मंजुश्रीची सकाळची कणकण वाढली नसावी. किंवा वाढली असावी, आणि सासूबाईंना नंबर लावता आला नसावा.

उंद्री गावाबाहेरच्या त्या बियाणे कंपनीत आज नवी सिस्टीम येत होती. ती शिकवायला रात्रभर प्रवास करून थेट पुण्याहून सर आले होते. पण पहिला धडा मॅनेजर म्हणून गुलाबरावांनीच दिला.

"घर गेटाबाहेर ठेवून या. तीन दिवसाचं शिकणं हाये. मधातून जो उठला, तो कायमचा उठला."

हे ते सगळ्यांकडे पाहून बोलले, म्हणजे समताकडे पाहून. बियाण्याचा ओलावा आणि उगवण तपासणारी ती तिथली एकटी बाई. अजून कायम झाली नव्हती. मुलाखतीत गुलाबरावांनी तिला बियाण्याबद्दल दोन प्रश्न विचारले होते आणि मुलीबद्दल सात.

प्रत्येकाच्या टेबलावर त्याच्या कामाचा संगणक मांडला होता. पुण्याच्या सरांनी भिंतीवरच्या पडद्यावर बाण काढले. आतापर्यंत गेटाची वही वेगळी, तपासणीची वेगळी, गोदामाची वेगळी. कुणाचा कुणाला पत्ता नाही. आता गेटावर एकदा नोंद झाली की त्याच क्षणी सगळ्यांना दिसणार. पुण्याच्या मुख्य कार्यालयालासुद्धा. आणि एकदा पडलेली नोंद कुणाच्या बापाला पुसता येणार नाही, असं सरांनी जरा सभ्य शब्दांत सांगितलं. माल एक तर स्वीकारा, नाहीतर परत पाठवा.

गुलाबराव मान डोलवत होते. कोण किती वाजता कुठे जातं, हे आता खुर्चीतून न उठता कळणार होतं. त्याच आनंदात त्यांनी गेटावरच्या गजेंद्रला कालच दोन हुकूम सोडले होते. नोंदीशिवाय काडी आत येणार नाही, आणि तोंडी निरोप बंद.

चहा यायच्या आधी पडद्यावर घंटी वाजली. गेटावरून पहिली खरी नोंद आली होती. सर हरखले. त्यांनी ती सगळ्यांना दिसेल एवढी मोठी केली.

मालाचा प्रकार इतर. माल मुलगी. नग एक. वजन अंदाजे अकरा किलो. पाठवणार जनकाबाई, आजी. वाहन क्रमांकाच्या जागी "कडेवर". आणि शेवटी शेरा: "अंग लय तापलं हाये, रडून राह्यली, मायले पाठवा."

खोली हसली. समता हसली नाही. जनकाबाई तिची सासू.

गजेंद्र भोळा की बेरका, यावर कंपनीत आजही दोन मतं आहेत.

चाचणीची नोंद दिसते, पुसून टाकू, म्हणून सरांनी बरीच खटपट केली. पुसली जाईना. सकाळी त्यांनी खरंच सांगितलं होतं. नोंद तपासणीसाठी थांबली होती, आणि तपासणी समताच्या टेबलावर. तिच्यासमोर दोन बटणं. परत पाठवलं, तर सासूबाई तापलेली पोर घेऊन त्या उन्हात पायी गावात जाणार. गुलाबरावांनी घसा खाकरला.

"बसून राहा, मॅडम. नियम सगळ्याइले एकच हाये."

समताने "स्वीकारला" दाबलं आणि ती उठली.

पुढचं तिला गोदामाच्या रंगरावांनी नंतर सांगितलं. माल स्वीकारल्यावर तो आपोआप त्यांच्या पडद्यावर आला. तीस वर्षं वहीत लिहीत आलेले रंगराव सकाळपासून त्या माउसला हात लावायला तयार नव्हते. आता त्यांनी एका बोटाने टाइप केलं, गोदामात जागा नाही, दवाखान्यात पाठवा. सिस्टीमने लगेच बाहेरचा गेटपास काढला. नग त्यांनी दोन लिहिले, माय आणि लेक. पास मंजुरीसाठी गुलाबरावांकडे गेला.

तिथेही दोन बटणं होती. बाहेर जाणारा माल परतीचा, म्हणजे पुन्हा आत येणारा, की बिनपरतीचा?

गुलाबरावांचं ठरलेलंच होतं. त्यांनी "बिनपरतीचा" दाबलं. एक रिकामी चौकट उघडली. माल कायमचा बाहेर सोडण्याचं कारण लिहा, प्रत मुख्य कार्यालयाला जाईल.

गुलाबरावांनी चौकटीकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, लिहा की, जे असेल ते लिहा. कालपर्यंत असलं सगळं नुसतं बोलून भागत होतं. लिहायचं काय? पोर आजारी पडली म्हणून? गेटावर समता मंजुश्रीला छातीशी धरून उभी होती, आणि पास आल्याशिवाय गजेंद्र फाटकाला हात लावत नव्हता. इकडे गुलाबरावांनी चौकट बंद केली, "परतीचा" दाबलं, परवाची तारीख टाकली आणि पाणी मागवलं.

सरांनी अहवालात लिहिलं, पहिली प्रक्रिया गेटापासून गेटापर्यंत, अकरा मिनिटांत, निर्दोष.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला होता. समता वेळेच्या आधी दहा मिनिटं कामावर आली, मुलीला सासूबाईंपाशी सोडून, घर गेटाबाहेर ठेवून. गजेंद्रने पडद्यावर तिचा पास काढला. तिच्याकडे पाहिलं. तिच्या मागे रस्त्यावर पाहिलं. फाटक काही उघडलं नाही.

"एकच नग दिसून राह्यला, मॅडम. परतीचे दोन लिहेल हाये. पोरीले घेऊन या, मंग उघडतो."