वरच्या आळीकडची भांडी

कानिशाय अंगणात कुऱ्हाडीनं बर्फ फोडत होती. नळ गोठून फुटल्यापासून अख्ख्या खालच्या आळीला हाच उद्योग लागला होता. नदीवरून बर्फाची ढेपळं आणायची, फोडायची, चुलीवर वितळवायची. तासभर झटावं तेव्हा कुठे किटलीभर पाणी हाती लागे, आणि त्यालाही धुराचा वास.

शेजारची झुराकान आपा कुंपणाला टेकून बघत होती. बाई गावात सगळ्यांत म्हातारी, पण जीभ अजून तरणी.

"भांडी आली का गं वरून?" तिनं विचारलं.

"नाही, आपा. येतील."

"येतील तर. पण कशी येतील, याचा विचार केलास का?"

कानिशायची कुऱ्हाड हवेतच थांबली.

वरच्या आळीची मेंढरं या हिवाळ्यात उपाशी मेली. बर्फाचा थर असा घट्ट बसला, की त्याखालचं गवत त्यांना उकरताच आलं नाही. तिथल्या घरांसाठी शिधा गोळा करायचं कानिशायनं मनावर घेतलं. दारोदार फिरली, गोड बोलली, वेळेला भांडली, आणि चिकटातल्या चिकट माणसाकडूनही पीठ काढलं. पीठ, तेल, चहा, वाळवलेल्या दह्याचे गोळे, सगळं भरपूर जमलं. फक्त भरायची पोती नारीन शहरातून यायची होती, ती खिंडीत अडकली. मग तीच म्हणाली, "आपापल्या भांड्यांतून द्या ना." लोकांनीही हात आखडला नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कढया निघाल्या, आहेरातली फुलाफुलांची घमेली निघाली. दुसऱ्याच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत धाडायचं नाही, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. त्या दिवशी मात्र शहाण्यांच्या अख्ख्या आळीत ते एकालाही आठवलं नाही.

"भरायला त्यांच्याकडे आहे काय, आपा?" कानिशाय म्हणाली. "सुयुनबेक बाइकेकडे ती एक घोडी उरलीय. बाकीच्यांकडे तेवढंही नाही." सुयुनबेकला ती थोरल्या भावासारखं बाइके म्हणे.

"तेच म्हणतेय मी. काल तिला घेऊन तो डोंगराकडे गेला. मागून सगळी आळी, फावडी घेऊन. या डोळ्यांनी बघितलं." आपानं आवाज खाली आणला. "घरापाशी कशी कापेल? त्याच्या लेकरांनी दूध प्यायलंय तिचं. आता ते मांस वाटून वाटून आपल्या भांड्यांत भरतील."

कानिशायनं कुऱ्हाड टाकली. "मी वर जाते. भांडी तशीच रिकामी द्या म्हणून सांगते."

"जा की. एकेकाच्या दारात उभी राहा आणि सांग, बाबांनो, तुम्ही इतके भिकेला लागलात, की तुम्हाला रीतसुद्धा माफ. कशी सांगतेस ते ऐकायला मीही येते."

कानिशाय तिथंच लाकडाच्या ओंडक्यावर बसली. ज्यांना जगवायला आपण एवढी धावाधाव केली, त्यांच्याकडचं शेवटचं जनावर आपल्याच हातानं गेलं, असं तिला वाटलं. आपाचं टाकून बोलून झालं होतं, आणि आता तिलाही वाईट वाटत होतं.

मग आपा डोंगराकडे बघत म्हणाली, "ऊठ. वर बघ."

डोंगरावरून माणसं उतरत होती. ती आळीकडून येत नव्हती, झऱ्याच्या बाजूनं येत होती. तो झरा कोमट, कधी गोठत नाही, पण पहिला बर्फ पडला की वसंत येईस्तोवर तिकडे कोणी फिरकत नाही. छातीएवढ्या बर्फातून जाणार कोण? आणि आता तिथं वाट पडलेली दिसत होती, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असलेली.

सगळ्यांत पुढे घोडी होती. बर्फ तुडवून तुडवून तिचे पाय पोटापर्यंत पांढरे झाले होते, अंगातून वाफ निघत होती. तिच्या मागे सुयुनबेक, त्याच्या मागे त्याची बायको, मग वरची सगळी आळी, एकामागून एक. प्रत्येकाच्या हातात भांडं होतं. सगळी इतकी सावकाश चालत होती, की क्षणभर वाटलं, कोणाची तरी मयत आहे. पण भांड्यांमधूनही वाफ येत होती.

खालच्या आळीतले लोक एकेक करून बाहेर आले. मदतीला पुढे धावायचं कोणाला सुचलं नाही. त्या निसरड्या उतारावर ती माणसं एक पाय रोवून मगच दुसरा उचलत होती, आणि इकडे बघणाऱ्यांचा श्वास प्रत्येक पावलाला अडकत होता. झुराकान आपानं एवढ्या आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं. तीसुद्धा कुंपण घट्ट धरून उभी होती.

सुयुनबेक कानिशायच्या अंगणात आला. त्याच्या हातात तिचंच फुलाफुलांचं घमेलं होतं. हिंदकळलेलं पाणी गोठून काठाला बर्फाची बारीक किनार धरली होती, आणि आत झऱ्याचं पाणी हलत होतं. इतकं नितळ, की तळाची फुलं मोजून घ्यावीत.

"उशीर झाला," तो म्हणाला. "वाट काढायला वेळ गेला."

"बाइके, मी..." कानिशायला काहीतरी सांगायचं होतं. माफी मागायची होती, घोडीबद्दल बोलायचं होतं.

"आधी दोन्ही हातांनी धर," सुयुनबेक म्हणाला. "काठोकाठ आहे."

तिनं धरलं. आता डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.