बोट लागणार नाही

रोवेना छातीएवढ्या पाण्यात उभी होती आणि नवरीच्या बोटीचं नाक तिनं दोन्ही हातांनी अडवून धरलं होतं. किनाऱ्यावर अख्खं गाव जमलेलं. ढोल थांबले होते. तापल्या दगडांखाली डुक्कर शिजून तयार होतं, आणि नवरदेव, म्हणजे रोवेनाचा धाकटा भाऊ ॲटकिन, गुडघाभर पाण्यात येऊन ओरडत होता, "ताई, अगं सोड! लाज काढलीस आमची!"

"माणसांनी पाण्यात बुडी मारून, अंगावरची कीड धुऊन खुशाल यावं," रोवेना म्हणाली. "टोपल्या उतरणार नाहीत."

बोटीत अळूच्या रोपांच्या बावीस टोपल्या होत्या, मुळांना ओली माती तशीच. सकाळीच शेजारच्या सॉलोमन देशाच्या हद्दीतल्या बेटावरून हिल्डाचा फोन आला होता. तिकडं हिल्डाचं जे काम तेच वानुआतू देशाच्या या टोकाला रोवेनाचं : बोटीतून परकी कीड जाऊ द्यायची नाही, येऊ द्यायची नाही. "मी धक्क्यावर पोचेपर्यंत बोट सुटली गं," हिल्डा म्हणाली होती. "त्या मातीत आगमुंग्या असणार. आता तूच काय ते बघ."

मुखिया सेल्विन, रोवेनाचे सख्खे मामा, काठी टेकत पाण्यापर्यंत आले. "पोरी, त्यांच्या आज्यांनी आपल्याकडं रोपं आणली, आपल्या आज्यांनी त्यांच्याकडं नेली. ही सरकारं कालची."

"मुंग्यासुद्धा कालच्याच, मामा. आज्यांच्या टोपल्यांत त्या नव्हत्या."

"आणि आमच्या टोपल्यांत आहेत, हे कशावरून?" नवरीचे वडील टेवाऊ बोटीतून गरजले.

रोवेनानं बोट खुंटाला बांधली आणि वर चढली. गळ्यातल्या पिशवीतून तिनं पीनट बटरची बरणी काढली, लाकडी काड्यांच्या टोकांना ते फासलं आणि एकेका टोपलीत एकेक काडी खोचली.

"एक तास," ती म्हणाली.

किनाऱ्यावर हशा पिकला. "मुंग्यांना न्याहारी घातलीय बाईनं!"

"नवरी उपाशी नि मुंग्यांची पंगत!"

ऊन चढत होतं. रोवेना बोटीच्या काठावर बसून राहिली. एकही मुंगी आली नाही तर? तर या किनाऱ्यावर आपलं पुन्हा कुणी ऐकणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं काड्यांकडं पाहायचंही टाळलं.

तासाभरानं ती काड्या उचलू लागली. पहिली कोरी. दुसरी कोरी. पंधरा, सोळा, सगळ्या कोऱ्या. टेवाऊ हसायला लागले होते. सतराव्या काडीचं टोक हलत होतं. मोहरीपेक्षाही बारीक, तांबूस, संथ मुंग्यांनी ते पार झाकून गेलं होतं. पुढच्या दोन काड्यांचीही तीच गत.

तिनं काडी टेवाऊंसमोर धरली.

"मुंग्याच ना?" ते म्हणाले. "मुंग्या कुठं नसतात?"

"या इथं नाहीत. आणि येणार नाहीत."

"मग ऐक. रोपांशिवाय माझी मुलगी उतरणार नाही. रिकाम्या हातानं आम्ही पोर देत नाही. इंजिन चालू करा रे!"

"करा," रोवेना म्हणाली आणि दोर सोडायला खाली उतरली.

ॲटकिननं पाण्यावर मूठ आपटली. "आजपासून तू माझी कुणी नाहीस."

तेव्हा नवरी उठली. एलिझा इतका वेळ नव्या चटईत अंग गुंडाळून गप्प बसली होती.

"बाबा, आई वाडीत शेवटची कधी गेली?"

टेवाऊंनी मान इंजिनाकडं फिरवली.

"मी सांगते. तीन वर्षं झाली. या मुंग्या चावून अंगाची आग आग होते म्हणून. पोरं झाडाखाली खेळत नाहीत. कुत्रा आंधळा झाला. हेच आंदण देताय मला?"

तिनं गळ्यातली फुलांची माळ काढून टोपलीत ठेवली, चटईही काढली, आणि पाण्यात उडी घेतली. केसांसकट खाली गेली, बराच वेळ खालीच राहिली, मग वर आली ती रोवेनाच्या शेजारी.

"तुमच्याकडं मुंग्या नाहीत म्हणून हो म्हटलं होतं मी," ती धापा टाकत म्हणाली. "तुमचा भाऊ नंतर आवडला."

आणि दोन्ही हात रिकामे ठेवून ती किनाऱ्याकडं चालू लागली.

टेवाऊ तिच्या पाठीकडं पाहत राहिले. इंजिन सुरू होतं. मग ते वाकले, स्वतःच्या हातानं इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला.

ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर बावीसही टोपल्या जाळल्या, बोट खाऱ्या पाण्यानं तीनदा धुतली. दुपारी लग्न लागलं. रोवेनाच्या आईनं आपल्या वाडीतलं अळू उपटून सुनेच्या हातात दिलं. जेवणं झाली, ढोल वाजले, गाव नाचलं. ॲटकिननं बहिणीकडं एकदाही पाहिलं नाही.

हिल्डाचा फोन आला तेव्हा रोवेना खडकावरची राख खोऱ्यानं खालीवर करत होती.

"झालं का गं?"

"झालं. भाऊ बोलत नाही माझ्याशी."

"माझ्याशी सकाळपासून अख्खं गाव बोलत नाही," हिल्डा म्हणाली. "बरं, लिहून घे. गुरुवारी आणखी एक बोट सुटतेय तुझ्याकडं. केळीचे मुनवे आहेत, लावायला, मुळांच्या मातीसकट."

"कुणाची बोट?"

"माझ्या नवऱ्याची. माझं ऐकत नाही तो. अजिबात सोडू नकोस."