सातवं घर

आम्ही शेजाऱ्यांनी बोंब मारली, तेव्हा बिल्डरशेठने तळ्याकाठच्या घरांचा नकाशा सुधारला. आज तो सह्या घ्यायला आला. "चाळीसची तीस घरं केली, काका. अजून काय पाहिजे?" मी म्हटलं, "सातवं घर दाखवा, लगेच सही ठोकतो." त्याला माझ्या होडीत बसवलं आणि तळ्यात नेलं. उन्हाळ्यात त्यानेच रोवलेल्या खांबाचं टोक पाण्याबाहेर डोकावत होतं, त्यावर सातचा आकडा. "उतरा शेठ, तुमचा हॉल आला!" शेठने होडीची कड घट्ट धरली. "भराव टाकू की." "मग हे पाणी कुठे जाणार? आमच्या स्वयंपाकघरात?" मी वल्हं मांडीवर आडवं घेतलं. "करा दुरुस्ती. मला घाई नाही." नकाशा उघडून तो रडतखडत एकेक घर खोडायला लागला. काठावरून बायको ओरडली, "अहो, पुरे आता!" "थांब गं, अजून दोन घरं पाण्यात आहेत!"