आईचा कोरडेपणा

समुपदेशकासमोर मंजिरीने आईकडे बोट दाखवलं. "हिनं मला कधी जवळ घेतलं नाही. म्हणून मला कुणाचाच स्पर्श सहन होत नाही."

आई हळूच म्हणाली, "तू नऊ महिन्यांची असताना मला टीबी झाला. पाच महिने दवाखान्यात होते. परत आले तर तू मला ओळखलंच नाहीस. उचललं की किंचाळायचीस. मग तू झोपल्यावरच मांडीवर घ्यायचे."

मंजिरीची मान खाली गेली. नवऱ्याला, मैत्रिणींना, सासूलाही ती आईचा कोरडेपणा वर्षानुवर्षं सांगत आली होती.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं." आईचा हात पुढे आला आणि सवयीने अर्ध्यातच थांबला.

मंजिरीने तो घट्ट धरला. अंग आक्रसलं, तरी सोडला नाही.