किटचा आवाज

हॅलोरनबाईंनी हिरव्या सफरचंदाची फोड सावकाश चावून गिळली. माइकसमोर तोंडाची चटचट ऐकू येऊ नये म्हणून हॉलिवूडजवळच्या बर्बँकमधले, कार्टूनना आवाज देणारे सगळे कलाकार हेच करतात. मग स्टुडिओबाहेरच्या बाकावर त्या आवाजाच्या चाचणीसाठी नाव पुकारलं जायची वाट पाहू लागल्या.

शेजारी बसलेल्या मॅडी नावाच्या पोरीने त्यांच्या हातातल्या संवादांच्या कागदात डोकावून पाहिलं. "तुम्हीही किटसाठी?"

"हो."

"मी तर त्याच्यावरच वाढले! शनिवारी सकाळी मांडीवर दूध-कॉर्नफ्लेक्सचा वाडगा आणि टीव्हीवर किटचं कार्टून. विजेसारखा पळणारा तेरा वर्षांचा पोरगा, आणि आवाज चक्क एका बाईचा! नदीन प्रूइट. हे कळलं त्या दिवशी मी जेवले नव्हते."

"मग आता पुन्हा मालिका काढतायत, तर तिलाच का घेत नाहीत?"

"तुम्हाला ठाऊक नाही? त्या जुन्या मंडळींनी संप करून कंपनीच्या नाकी नऊ आणले होते. वरून हुकूमच आहे, त्यांच्यातलं एकही माणूस नको. आवाज मात्र हुबेहूब तोच हवा. आहे की नाही गंमत?"

बाई हसल्या. हसणं भाग होतं. कित्येक वर्षांत त्यांना धड काम मिळालं नव्हतं. कलाकार संघटनेचा आरोग्यविमा वर्षभरात केलेल्या कामावर टिकतो; आजवर किरकोळ कामांवर तो कसाबसा चालला होता. हे वर्ष कोरडं गेलं की विमा बंद, आणि विमा बंद झाला की वेंडेलच्या डायलिसिसचं काय, हा विचारसुद्धा त्यांना पुरता करवत नव्हता. नवरा डोळ्यांदेखत हातचा जाताना बघणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. म्हणून गेला महिनाभर त्या गॅरेजमध्ये, भिंतींना गाद्या लावून, किट घोटत होत्या.

"मिसेस हॅलोरन, या!"

काचेपलीकडे ट्रेव्हर नावाचा तरुण दिग्दर्शक बसला होता. "मित्र छपरावरून लोंबकळतोय. किटने त्याचा हात धरलाय. करा सुरू."

बाईंनी डोळे मिटले. छप्पर काही दिसेना. दिसला तो सुया टोचून काळानिळा पडलेला वेंडेलचा हात.

"सोडू नकोस! माझा हात सोडू नकोस, ऐकतोयस ना?"

काचेपलीकडे ट्रेव्हरने कानांवरचे हेडफोन काढले.

"अंगावर काटा आला, खरंच," ट्रेव्हर म्हणाला. "पण हा किट नाही हो. यात फार दुःख आहे. किटला अजून काही ठाऊकच नाही. थांबा, मूळ ऐकवतो."

जुना आवाज खोलीभर घुमला. कोवळा, बेफिकीर, जगात कुणी मरतच नसल्यासारखा. बाईंनी जीव तोडून पुन्हा केलं. तिसऱ्यांदा आवाज चिरकला.

"आणखी एकदा," बाई म्हणाल्या.

"मिसेस हॅलोरन, बाहेर बाकीचे लोक..."

"हात जोडते तुमच्यापुढे. एकदाच."

असं त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. ट्रेव्हरने एक संधी दिली. तीही गेली.

"मनाला लावून घेऊ नका," तो दार उघडत म्हणाला. "नदीनबाईंची बातच वेगळी होती. ते शिकून येत नाही कुणाला."

मॅडी आत गेली. दार लोटायच्या आत तिची आरोळी बाहेर आली आणि बाईंना कबूल करावंच लागलं, पोरीने किट अचूक पकडला होता. आतून टाळ्या ऐकू आल्या.

गाडीत बसून बाईंनी घरी फोन लावला.

"काय गं, काय झालं?" वेंडेलचा थकलेला आवाज.

"गेलं काम." बाईंनी कपाळ स्टीअरिंगवर टेकलं. "म्हणाले, नदीन प्रूइटसारखं नाही जमत मला."

पलीकडे वेंडेल धडपडत उठून बसल्याचा आवाज आला.

"आणि तू कोण आहेस, ते तू त्यांना सांगितलंच नाहीस, नदीन?"