चाळीस साड्या

पिंप्राळ्यात साड्यांचं दुकान चालवणाऱ्या पानबाईंनी नातीच्या, रूपलच्या शिकवणीसाठी एक सर बोलावले. सर गणितात पहिले आलेले; सुवर्णपदक तेवढं गळ्यात घालून यायचं बाकी होतं. "सर, टक्केवारी कशी काढतात हो?" पानबाईंनी विचारलं. सरांनी सांगितलं. कळलं नाही म्हटल्यावर तेच पुन्हा, मोठ्या आवाजात सांगितलं. तिसऱ्यांदा विचारताच ते हसले, "जाऊ द्या आजी, तुमच्या डोक्यात नाही शिरायचं."

चहा पाजून त्यांना वाटेला लावल्यावर रूपल म्हणाली, "दादी, गिऱ्हाइकांची सूट तर तू तोंडी काढतेस!"

"दुकानात नवा सेल्समन घेताना मी त्याला चाळीस साड्या उलगडायला लावते आणि एकही पसंत करत नाही. घड्या घालताना ज्याचं तोंड वाकडं झालं, तो घरी," पानबाई फणकारल्या. "या मेल्याचं तर तिसऱ्याच साडीला झालं."